तिसऱ्या पायाची लाल रेघ

शालू,

तुझ्या फोटोला हार घालायला तुझी भाची मीना स्टुलावर चढली, तेव्हा स्टूल डुगडुगलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "थांब वं, उतर आधी. त्या पायाखाली पुठ्ठा घाल." तेरवीचा दिवस, घरात पंचवीस-तीस माणसं, आणि सगळी माझ्याकडे बघायला लागली. हिला रडायचं सोडून स्टुलाचे पाय दिसतात, असं वाटलं असेल कोणाला. वाटू दे. तुझ्यासोबत इतके रविवार काढल्यावर मला कुठलीही वस्तू दिसली की आधी तिचे पायच दिसतात.

मीनाने पुठ्ठा घातला, हार घातला, खाली उतरून दोन पावलं मागे झाली. "मावशी, किती छान आला ना आत्याचा फोटो. कोणी काढला?"

मी काढला, एवढंच सांगायचं होतं. ते सांगायच्या आधीच मी जी रडले ती रडले. बायकांना वाटलं, चला, उशिरा का होईना आलं बाहेर. पण ते रडणं नुसतं तू गेलीस म्हणून नव्हतं. दोन वर्षं एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवली, आणि ती सांगायच्या आत तू निघून गेलीस, त्याचं होतं. ती सांगायला आज बसले आहे.

लिहिताना मी जरा शुद्ध होते, त्याला तू हसायचीस. "बोलते नागपूरची आणि लिहिते पुण्याची. काहून वं?" काय करू बापा, सातवीपर्यंतची शाळा, आणि पुढचं सगळं वाचन किराण्याच्या पुड्यांच्या कागदावरचं. जसं छापलेलं वाचलं तसंच लिहिता येतं.

तुला आठवतं का, आपली ओळख डब्यामुळे झाली. माझी मेस होती, रामदासपेठेतल्या दवाखान्यात पेशंटच्या माणसांना मी डबे पोचवायचे. तू तिथे एक्स-रे काढायचीस. तुझ्या खोलीच्या बाहेर बाकावर मी डबे मांडून बसायचे आणि दाराआडून तुझा आवाज यायचा, "श्वास घ्या. रोखा. हलू नका." मग खट् असा आवाज. मग, "सोडा." दिवसातून पन्नासदा. मी बाहेर बसून नकळत तुझ्या तालावर श्वास घ्यायची आणि सोडायची. एकदा तू दार उघडून म्हणालीस, "बाई, तुमच्या वरणात हिंग जास्त राहते." मी म्हटलं, "आणि तुमच्या पेशंटाईले तुम्ही फार वेळ कोंडून ठेवता." तिथून सुरू झालं ते झालंच. पुढे एकाच वसाहतीत, एकाच लेआउटमध्ये घरं घेतली, तू तिकडच्या टोकाला, मी इकडच्या.

फोटोचं वेड तुला रिटायर झाल्यावर लागलं, आणि ते लागलं कुठे, तर एका मयतीच्या घरी. आपल्या मागच्या गल्लीतल्या आजी गेल्या होत्या. भेटायला गेलो तर भिंतीवर हार घातलेला फोटो. कोणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून त्यांचं तोंड कापून मोठं केलेलं. तू पदर डोळ्याला लावून बराच वेळ त्या फोटोकडे बघत होतीस. मला वाटलं, तुला भरून आलं. बाहेर आल्यावर तू म्हणालीस, "तिच्या खांद्यावरची पाच बोटं पाहिली का तू? ते कोणाची हायेत?"

खरंच, खांद्यावर कोणाचा तरी हात होता. मनगटापर्यंत कापलेला. घरातल्यांनाही सांगता येईना कोणाचा. त्या माउलीने सहा पोरं वाढवली, आणि जन्मात एकटीचा असा एक फोटो नाही. जे होते ते कोणाच्या तरी लग्नात, कोणाच्या तरी मागे.

आठ दिवसांनी तू माझ्या दारात. मीनाने नवा कॅमेरा घेतला होता आणि जुना तुला दिला होता. "लेआउटमधल्या सगळ्या म्हाताऱ्यांचे हाराचे फोटो काढायचे," तू म्हणालीस. "जिवंत हायेत तोवर."

"अवं, असं सांगशील तर कोणी दारात उभं करन का तुले?"

"म्हणून तर तू पाहिजे. बोलायचं काम तुझं."

मग मी गोड करून सांगायची. आजी, सुनेला दाखवायला एक चांगला फोटो असावा, नातवाच्या मोबाइलमध्ये असावा, वगैरे. म्हाताऱ्या काय खुळ्या असतात? पहिल्याच रविवारी एकीने विचारलं, "भिंतीवर लावायचा ना वं? मंग थांब, हिरवं लुगडं नेसतो. हारासोबत हिरवं खुलून दिसते."

दोन-तीन महिने बरे गेले. मग तुझे हात थरथरायला लागले. आधी चहाच्या कपावर कळलं, मग फोटोवर. घरात उजेड कमी, म्हाताऱ्यांना उन्हात बसवत नाही, आणि कमी उजेडात कॅमेरा जराही हलला की तोंडावर साय धरल्यासारखी. चार घरचे फोटो वाया गेले. मी म्हटलं, मी काढते. तू म्हणालीस, तू बोलताना मुंडकं हलवते, त्यासोबत कॅमेराही हलन. डॉक्टरांनी गोळी दिली, पण ती घेतली की तुला दिवसभर झोप. शेवटी तू म्हणालीस, "मशीन कितीही भारी राहू दे, टेबल हललं का फिल्म गेली. आपल्याले टेबल पाहिजे." म्हणजे ट्रायपॉड.

अडीच हजार रुपये, त्याच्या वर एक रुपया नाही, असं तू ठरवलंस. पेन्शनमधून तेवढेच निघत होते. माझ्या मते तेही जास्त होते. कॅमेरा फुकटचा आणि त्याच्या तीन काड्यांना अडीच हजार? सीताबर्डीच्या फुटपाथवर सहाशेला मिळत होता, वर मोबाइल अडकवायचा चिमटा फुकट. मी तिथेच थांबले. तू त्याच्या डोक्यावर तळहात ठेवून नुसता दाबलास, आणि त्याचे पाय नव्या वासरासारखे फाकले. तू विकणाऱ्याला म्हणालीस, "भाऊ, चांगला आहे, पण हा मोबाइलचा. माझी म्हातारी वजनदार हाय." तो माझ्याकडे बघून हसला. मला आजही वाटतं तू ते मुद्दामच बोललीस.

मग त्या आतल्या गल्लीतलं दुकान. दुकानदार पन्नाशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला. तू पिशवीतून काय काढावं? एक किलो तूरडाळीचा पुडा, एक स्टीलची वाटी आणि पाण्याची बाटली. कॅमेरा घरी ठेवला होतास, कारण कॅमेरा पाहिला की दुकानदार महागडंच दाखवतो, असं तुझं म्हणणं. कॅमेरा किलोभराचा, म्हणून डाळ किलोभर. एकेका ट्रायपॉडच्या डोक्याला डाळ बांधायची, डोकं पुढे झुकवायचं, आणि बघायचं की डाळ हळूहळू खाली येते का. मग डोकं सपाट करून वर पाण्याची वाटी ठेवायची, पायाला टिचकी मारायची, आणि वाटीतलं पाणी किती वेळाने शांत होतं ते मनात मोजायचं.

दुकानदार म्हणाला, "ताई, दुकान आहे हे, पाणपोई नाही."

"थांबा भाऊ. सात झाले. अजून हलून राहिलं पाणी."

माझं मन एका चांदीच्या रंगाच्या उंच ट्रायपॉडवर बसलं होतं. दिसायला देखणा, वजनाला हलका, पाय चार कप्प्यांचे, बंद केला की हातभर. तुझ्या गुडघ्यांमुळे तो उचलून न्यायचा मलाच होता, मग मला हलका नको? तू म्हणालीस, जितके कप्पे जास्त तितका शेवटचा पाय बारीक. तुला आवडला तो काळा, ठेंगणा, तीन कप्प्यांचा, मागच्या वर्षीचा राहिलेला माल. पाय जाड, खाली रबराची मोठी बुडं, मधल्या दांडीला खाली आकडा. त्या आकड्याला तू माझी पर्स लटकवलीस, ट्रायपॉड आणखी घट्ट बसला.

"उंच नाही हा," मी म्हटलं.

"मधली दांडी वर केली की होते ना उंच, मावशी," दुकानदार म्हणाला.

"ते दांडी वर करायची नाही," तू म्हणालीस. "दांडी वर केली का तीन पायांचा एक पाय होते."

"अवं पण उंच नको का?"

"आपल्याले बसलेल्या म्हाताऱ्यांचे फोटो काढायचे हायेत, जिराफांचे नाही."

काळ्यावरच्या वाटीतलं पाणी चार मोजेपर्यंत शांत झालं. चांदीवाल्याचं नऊला. दुकानदारही मोजायला लागला होता तोवर. भाव करून अडीच हजाराच्या आत आणला, आणि तू त्याच वाटीतलं पाणी पिऊन टाकलंस. मेट्रोत येताना मी तो काळा दगड मांडीवर घेऊन फुगून बसले होते. तुझ्या-माझ्यात हा वाद तेव्हापासून चालूच राहिला, हलका बरा की जड. जड वस्तू घरी राहते, हलकी सोबत येते, असं माझं म्हणणं. आणि सोबत येऊन पडणारी वस्तू काय कामाची, असं तुझं.

पडणारी. आता तिथेच येते.

आपली पद्धत ठरलेली होती. दोन पाय तू लावायचीस, तिसरा मी. प्रत्येक पायाला दोन खटके, वरचा आणि खालचा. ते उघडायचे, पाय ओढायचा, खटके दाबून बंद करायचे. घरचा कूलर बंद करायला लावायचा, कारण त्याच्या घरघरीने फरशी थरथरते. मे महिन्यात कूलर बंद करायला सांगितला की अख्खं घर आपल्याकडे खाऊ की गिळू बघायचं. मी म्हातारीशी बोलायची. तिचं तोंड सैल झालं, डोळ्यात जुनं काही आलं, की तू म्हणायचीस, "आजी, श्वास घ्या. रोखा." कॅमेऱ्याचं बटण. "सोडा."

भागाबाईंचा फोटो काढायचा होता तो माघातला रविवार. नव्वदीला टेकलेली बाई, खाटेवरून उठत नव्हती. फोटोसाठी म्हणून तिने लेकाला सांगून स्वतःला अंगणात खुर्चीवर बसवून घेतलं होतं, उशा लावून. कपाळावर कुंकू मोठं लावलं होतं. मी तिसरा पाय लावत होते आणि तिच्या सुनेला सांगत होते की आमच्या मेसमध्ये एकदा कढी कशी फाटली होती. गोष्ट रंगली होती. वरचा खटका मी दाबला. खालचा दाबला नाही. तू नेहमी म्हणायचीस, "तोंड चालते तेव्हा तुझे हात थांबते." तेच झालं.

तू कॅमेरा चढवलास. वाकून बघितलंस. "श्वास घ्या," म्हणालीस. आणि माझा पाय हळूच आत सरकला. ट्रायपॉड माझ्या बाजूला कलला, आणि मी हात पुढे करेपर्यंत कॅमेरा फरशीवर तोंडावर पडला होता.

तू कॅमेऱ्याकडे धावलीस. मी ट्रायपॉडकडे. सगळ्यांचं लक्ष कॅमेऱ्याच्या फुटलेल्या काचेवर होतं. मी ट्रायपॉड उचलला, आणि उचलता उचलता अंगठ्याने तो उघडा खटका दाबून बंद केला. मग म्हणाले, "पाय वाकला पाहा. दगडाएवढा जड, पण आतून पोकळ. मी तुले म्हटलं होतं, तो चांदीवाला घे."

हे मी बोलले, शालू. खटका लपवला तो एकवेळ घाबरून. पण वरून तुलाच टोमणा मारला. तू काच गोळा करत होतीस.

दुसऱ्या दिवशी मीच तुला ओढत दुकानात नेलं. मीच भांडले. दुकानदार बिचारा खटका उघडून-बंद करून दाखवत होता, "मावशी, हा आपोआप निघतच नाही. तुम्ही नीट दाबला होता ना?" मी म्हटलं, "दाबला होता म्हणजे? मी काय आज करून राहिली का हे काम?" तू भिंतीवरचे कॅमेऱ्याचे पट्टे बघत उभी होतीस, जणू आमची तुझी ओळख नाही. त्याने शेवटी कंटाळून वाकलेल्या पायाचा खालचा तुकडा बदलून दिला, फुकटात. बाहेर पडल्यावर तू म्हणालीस, "तू हो पुढे, माझी छत्री राहिली." माघात छत्री. तेव्हा माझ्या डोक्यात आलंच नाही. मी माझ्या जिंकण्यात होते.

कॅमेरा दुरुस्त होऊन यायला तीन आठवडे लागले. भागाबाई त्याच्या आधीच गेल्या. आपण दोघी भेटायला गेलो. भिंतीवर मतदानाच्या कार्डावरचा फोटो मोठा करून लावला होता, डोळे अर्धे मिटलेले, कपाळावर कुंकू दिसतही नव्हतं. सून म्हणाली, "आई शेवटपर्यंत विचारत होत्या, त्या फोटोवाल्या बाया कधी येतात." मी चहा तसाच ठेवला. तू माझा कप उचलून पिऊन टाकलास, म्हणजे त्या घरच्यांना वाईट वाटू नये.

त्या संध्याकाळीच सांगायला हवं होतं. सांगणारच होते. मग वाटलं, उद्या. मग वाटलं, आता सांगून भागाबाई येतात का परत? मग कॅमेरा आला, रविवार सुरू झाले, आणि सांगायची वेळ निघून गेल्यासारखी झाली. वेळ निघून गेली असं वाटायला लागलं की समजावं, आपण आता भित्रे झालो. मी खटके दोनदा दाबायला लागले. तीनदा दाबायला लागले. त्यानंतर आपण सदतीस जणींचे फोटो काढले आणि एकदाही काही पडलं नाही.

यंदाच्या दिवाळीनंतर तू म्हणालीस, "आज माझा काढ." मी म्हटलं, चल, वेडी का? तुझं काय वय आहे? तू तुझ्या व्हरांड्यात खुर्ची ठेवलीस, जांभळी साडी नेसून बसलीस. मी ट्रायपॉड घेऊन आले आणि वाट बघत उभी राहिले की तू उठून तुझे दोन पाय लावशील.

"उभी काहून? लाव ना."

"तुझे दोन?"

"मी आज पेशंट हावो. तिन्ही पाय तूच लाव."

मी लावले. कॅमेरा चढवला. तू तुझ्याच आवाजात, खुर्चीतूनच म्हणालीस, "श्वास घ्या. रोखा." मी बटण दाबलं, आणि तू स्वतःच "सोडा" म्हणून हसलीस. तोच फोटो आता भिंतीवर आहे. खांद्यावर कोणाचीही बोटं नाहीत.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मीना कॅमेरा घेऊन माझ्याकडे आली. आत्याने सांगून ठेवलं होतं म्हणाली, तो मावशीचा. ती गेल्यावर मी दाराआडून ट्रायपॉड काढला. तू पडद्याच्या कापडाची शिवलेली ती पिशवी, तिची नाडीही अजून तू बांधलेल्या गाठीचीच होती. कॅमेरा बसतो का बघावं म्हणून एकेक पाय उघडायला लागले. रिकाम्या घरात, कोणाशी न बोलता. म्हणून दिसलं असेल.

माझ्या तिसऱ्या पायाच्या खालच्या खटक्यावर नेलपॉलिशची लाल रेघ होती. अर्धी खटक्यावर, अर्धी पायाच्या नळीवर. खटका पूर्ण दाबला की दोन्ही अर्ध्या जुळून एक सरळ रेघ व्हायची. जरा जरी उघडा राहिला की रेघ तुटायची. मी चष्मा पुसून बाकीचे पाचही खटके पाहिले. कुठेच नाही. फक्त माझ्या त्या एका.

नेलपॉलिश तू नखांना कधी लावलंच नाहीस. देवळातल्या भंडाऱ्याला भांडी दिली की अदलाबदल व्हायची, म्हणून आपल्या वाट्यांना खूण करायला ठेवलेली तुझी ती बाटली. लाल डाग मी आधीही पाहिला असेल, पण विटकरीचा रंग लागला असेल म्हणून सोडून दिला असेल.

मग एकदम आठवली तुझी चप्पल. गेली दोन वर्षं, प्रत्येक फोटोच्या आधी, "श्वास घ्या" म्हणायच्या आधी, तू चपलेचा पट्टा बसवायला खाली वाकायचीस. मी कितीदा म्हटलं, "नवी घे ना वं चप्पल, पेन्शन काय जाळायची आहे का?" तू म्हणायचीस, "चालते." सदतीस वेळा तू पट्टा बसवलास, शालू. पट्टा सैल नव्हताच.

तुला माहीत होतं. कसं माहीत होतं तेही आता कळतं. जिने तीस वर्षं खोलीत बसून मशीनचा खट् ऐकला, तिला पाठमोरी असताना माझा अंगठा ऐकू येणार नाही का?

आणि तुझा फोटो काढला त्या दिवशी तू खुर्चीत होतीस. वाकली नाहीस. तिन्ही पाय तूच लाव म्हणालीस, आणि रेघेकडे न बघता श्वास रोखलास.

मला राग आला तुझा. खरं सांगते. दोन वर्षं मी तुझ्यापासून लपवते आहे म्हणून कुढत होते, आणि तू मला कळू न देता माझ्यावर पहारा ठेवत होतीस. एकदा तोंडावर म्हणाली असतीस, "खटका तुझा उघडा होता," तर मी भांडले असते, रडले असते, आणि भागाबाईच्या घरी जाऊन माफी मागितली असती. ते तू मला करू दिलं नाहीस. का, ते विचारायला आता जागा नाही. हा वाद जड-हलक्याच्या वादासारखाच अर्धा राहिला. पण त्या रेघेवर अंगठा फिरवत बसले ना, तर राग पुरेना. वाकणं तुझ्या गुडघ्यांना सोपं नव्हतं.

भागाबाईच्या सुनेकडे दुसऱ्याच सकाळी गेले आणि सांगितलं. तिने सासूच्या फोटोवरचा हार सरळ केला. मग म्हणाली, "मावशी, कढीची गोष्ट मीच विचारली होती." असं म्हणून तिने मला आणखी लाजवलं.

मग सीताबर्डीला गेले. दुकान तेच, चष्मा कपाळावरच. काउंटरवर एक स्टीलची वाटी होती. मी बोलायच्या आधीच तो म्हणाला, "अरे, डाळवाल्या मावशी! त्या दुसऱ्या ताई कुठे?" मी सांगितलं. तो खुर्चीवर बसला. मग मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, खटका माझाच उघडा होता, तुमच्या मालात काही खोट नव्हती, उगाच तुम्हाला बोलले.

"ते तर मले माहीत होतं," तो म्हणाला. "त्या ताई तेव्हाच परत आल्या होत्या, छत्री राहिली म्हणून. तुकड्याचे पैसे देऊन गेल्या. म्हणाल्या, स्टँड चांगला आहे भाऊ, आमच्याच हातून पडला."

आमच्याच. तुझ्या तोंडून माझं नाव तिथेही निघालं नाही.

त्याने वाटी हातात घेतली. "मी पण आता गिऱ्हाइकाले पाणी ठेवूनच दाखवतो. चांदीवाला विकतच नाही." चहा आला. चहा पिताना तो जरा चाचरत म्हणाला, "मावशी, तुम्ही अजून काढता का ते फोटो? माझ्या आईचा एकही नाही. दुकानात एवढे कॅमेरे, पण..."

हो म्हणाले. म्हणून टाकलं आणि मेट्रोत बसल्यावर घाबरले. बोलायचं काम माझं होतं शालू, बाकीचं तुझं.

परवाच्या रविवारी गेले, महाल भागात घर आहे त्यांचं. आजी ऐंशीची, ठणठणीत, निळं पातळ नेसून ओसरीवर तयार बसलेली. मी तिच्याशी बोलले नाही. आधी तीन पाय लावले, तोंड मिटून. सहा खटके. मधली दांडी खालीच ठेवली. आकड्याला पर्स लटकवली. कूलर अजून निघाले नव्हते, तेवढं एक बरं. मग कॅमेरा चढवला. मग बोलले, आजीचं माहेर, आजीचा स्वभाव, सुनेच्या हातचं वरण. आजीचं तोंड सैल झालं. मी वाकले. चप्पल ओसरीखाली काढून ठेवलेली, पायात काहीच नव्हतं, तरी वाकले. रेघ सरळ होती.

"आजी, श्वास घ्या," मी म्हटलं. "रोखा."

बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर बघितलं. पातळाच्या काठाचा दोरा न दोरा दिसत होता. मी बघतच राहिले. आजी समोर छाती फुगवून, डोळे वटारून बसलेली, कपाळ लाल व्हायला लागलेलं. लेक माझ्याकडे बघतोय, सून माझ्याकडे बघतेय. मला कळेना, काय राहिलं.

शेवटी आजीनेच फुस्सकन श्वास टाकला. "अवं बाई, सोड म्हणते का नाही? का आत्ताच हार घालते मले?"

अख्खी ओसरी हसली, मीही हसले. तो शब्द आजवर कधी माझ्या वाट्याला आलाच नव्हता, शालू. बाहेरच्या बाकावर बसायची तेव्हापासून तो तूच म्हणायचीस आणि मी ऐकायची.

"चुकलं आजी," मी म्हटलं. "पुन्हा एकदा काढू." आणि दुसऱ्या वेळी न विसरता, जरा मोठ्यानेच म्हणाले, "सोडा."